सब्जाचे लग्न

तुळशीला कुजक्या बटाट्याचा वास येतो. ओट्याखालच्या टोपलीत एखादा बटाटा विसरावा, त्याला आतून पाणी सुटावे, आणि पुढे केव्हातरी टोपली ओढताना बोटांना तो गिळगिळीत गारवा लागण्याआधीच नाकाला सारे कळून चुकावे, तसा. त्याच्यामागून येतो न वाळलेल्या फडक्याचा कुबटपणा; आणि सगळ्यात शेवटी, टाळूला चिकटून राहणारी, जळक्या केसांची एक बारीक कडवट रेघ.

हे मी तीन वर्षे कुणापाशी बोलले नाही. डोंबिवलीतल्या तिसऱ्या मजल्यावरचे आमचे घर असे, की गॅलरीतल्या वृंदावनाला पाणी घातल्याशिवाय तिथे चहाचे आधण चढत नाही. त्या घरातल्या सुनेने बोलावे असे ते वाक्य नव्हते.

साथीच्या तापाने आमच्याकडे दोघींना एकाच आठवड्यात धरले, सासूबाईंना आणि मला. नवऱ्याने आम्हांला मागच्या खोलीत ठेवले. दाराबाहेरच्या स्टुलावर तो ताटे ठेवी, दोनदा टकटक करी आणि मागे कुत्रे लागल्यासारखा पळे. दोन खाटा, एक खिडकी, मधे औषधांचे टेबल. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघी इतक्या जवळ कधी झोपलो नव्हतो. पाचव्या दिवशी मी बामची बाटली उघडून नाकाशी धरली, आणि पलीकडे काही नव्हते. सौम्य नाही, पुसट नाही, नव्हतेच. पांढरी भिंत.

भिंतीचे मला दुःख झाले, पण किळस नाही. किळस दोन महिन्यांनी आली, कांदा परतताना. कढईतून जे वर आले ते कांद्याचे नव्हते. कुठेतरी रबर जळत होते आणि त्या रबरावर कुणी नासके अंडे फोडले होते. मी गॅस बंद केला, नळी तपासली, ओट्यामागे उंदीर मेला आहे का ते वाकून पाहिले. तेवढ्यात नवरा आत आला.

"काय मस्त वास सुटलाय! बंद का केलास?"

मेलेला उंदीर माझ्या नाकात आहे, हे मला तेव्हा कळले.

मग एकामागून एक सगळे नासत गेले. कॉफी, लसूण, भाजलेले शेंगदाणे, फोडणीतली मोहरी. दात घासताना येणारा पुदिन्याचा फेस तर गटाराच्या झाकणाखालून आल्यासारखा. आंघोळ करून आलेला नवरा शेजारी बसला की मला रॉकेलचा भपकारा येई, आणि मी मधे उशी घेई. मी रागावले आहे असे वाटून तो बिचारा आणखी साबण चोळून आंघोळ करू लागला. उलट, संध्याकाळी औद्योगिक वसाहतीकडून रसायनांचा तो गावाला ठाऊक असलेला वास खाली उतरे, लोक खिडक्या लावून घेत, रिक्षावाले तोंडाला रुमाल बांधत, तेव्हा मला मात्र पिकल्या पेरूंची गाडी गल्लीतून गेल्यासारखे वाटे. याचीच मला अधिक शिसारी आली. दुर्गंध सोसता येतो. दुर्गंध आवडू लागलेल्या नाकाला माझे नाक म्हणवेना.

मी कविता शिकले आणि पुढे बरीच वर्षे ती शिकवली. वासाच्या शब्दांचे मला फार वेड. परिमळ, दरवळ, घमघमाट हे आपले ठेवणीतले; पण सुवासाला हाताच्या बोटांवर मोजता येतील इतके शब्द देणाऱ्या या भाषेने घाणीच्या बाबतीत हात कसा सैल सोडला आहे! कुबट, कोंदट, आंबूस, खवट, हिवस, करपट, कुजका, उग्र, दर्प, भपकारा. आमच्या आज्या-पणज्यांनी साठवणीच्या खोल्यांत, ओल्या सरपणापाशी, आजाऱ्यांच्या उशाशी उभे राहून हे शब्द घडवले असणार. मी त्यांतला एकेक उचलून माझ्या अनुभवाला लावून पाहत असे. एकही पुरेसा बसला नाही. माझ्या घाणीला शब्द नव्हता, म्हणून ती सांगताही येत नव्हती.

ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले की नाकाच्या आतल्या नसा नव्याने वाढताना चुकीच्या जागी जोडल्या गेल्या आहेत, त्यांना शिकवावे लागेल. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी. रोज दोन वेळा, प्रत्येक बाटली वीस सेकंद, आणि त्या वेळात तो वास पूर्वी कसा होता हे मनाशी आठवायचे. मी चार बाटल्या आणल्या. अर्काच्या त्या बाटल्या म्हणजे फुलांची प्रेते. गुलाबाच्या बाटलीतून गंजलेला पत्रा येई. त्यातून बाग आठवण्याचा प्रयत्न मी पंधरा दिवस केला आणि सोडून दिला.

शीळफाट्याच्या रस्त्यालगत एका रोपवाटिकेशी रिक्षा बंद पडली, म्हणून मी तिथे उतरले. रोपवाटिका एका आगरी बाईंची. कमरेला पदर खोचून त्या पिशव्यांत माती भरत होत्या.

"कुठली तुलस पायजे गो ताय? पूजेची का पिझ्झ्याची?"

"दोन्हींत फरक काय?"

"पूजेचीच्या पाया परायचा. पिझ्झ्याचीला खायाचा."

मी हसले. कित्येक महिन्यांनंतर बहुधा. त्यांनी उठून, मातीचेच हात, एकेका कुंडीतले पान चुरगळून माझ्यापुढे धरले. ही लिंबाची. ही लवंगेची. ही कापराची, डासांना लावतात. ही बडीशेपेची, चायनीज हॉटेलवाले नेतात. ही पिझ्झ्याची. डॉक्टरांनी बाटल्यांत भरून दिलेला सगळा वर्ग इथे एकाच कुळात, मुळे रोवून उभा होता. लिंबाच्या पानातून मला लिंबू आले नाही, पण घाणही आली नाही. दूरवर कुणी पितळेचे भांडे घासत असावे, असे काहीतरी आंबट, चकचकीत. कापराच्या पानातून नुसता गारवा. बडीशेपेच्या पानातून चक्क गोडसर धूर. लवंगेच्या पानाला मात्र मी मान फिरवली. तो कुजका बटाटा.

पाचही घेतल्या. लवंगेचीसुद्धा, शत्रू नजरेसमोर असावा म्हणून.

रंगाच्या रिकाम्या बादल्यांना भोके पाडून मी त्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये लावल्या. पिझ्झ्याची सर्वांत नाजूक. दुपारी एकचे ऊन लागले की मान टाकते, पाणी घातले की तासाभरात लाजेने उभी राहते. लिंबाचीची पाने फिकट, पातळ, हाताळली की लगेच काळी पडणारी. बडीशेपेचीची खोडे जांभळी आणि हट्टी. या सगळ्यांचा जीव मंजिरीत; फुलोरा धरू दिला की पाने कडवट होतात, म्हणून शेंडे खुडत राहावे लागते. खुडणे मला जमले. पांढरी माशी जमली नाही. पान उलटावे तर खाली तिची पिठूळ, हलणारी वस्ती. फुंकर मारली की सगळी वस्ती उठून माझ्या ओठांवर. मी थुंकत असे आणि पुन्हा पान उलटत असे.

मग त्यांचा स्वयंपाक. ज्या घरात फोडणीचा आवाज ऐकून माझे पोट वर येई, त्या घरात मला रोज दोन वेळा काहीतरी शिजवणे भाग होते. पिझ्झ्याची पाने मिक्सरमध्ये घातली, ओले खोबरे, मिरची, कच्चे दाणे, लिंबू. भांडे गरम झाले आणि तो पाचूसारखा रंग डोळ्यांदेखत शेवाळ झाला. बडीशेपेची मुगाच्या उसळीत घातली तर पाने चिंध्यांसारखी डावाला गुंडाळून आली. लवंगेचीची दोन पाने वरणात टाकली, नाक दाबून.

नवऱ्याने पहिला घास घेतला. "आज वरणात अगरबत्ती पडलीय का?"

"लवंगी तुळस आहे."

"आधी सांगायचं ना. हात जोडून जेवलो असतो."

सासूबाई निवृत्त गणितशिक्षिका. बोलणे मोजके, उत्तर शेवटी दोन रेघा मारल्यासारखे. "तुळशीच्या जातीचं विस्तवावर ठेवत नाहीत गं. आणि दातांनी चावत नाहीत. गिळायचं."

"आई, ती लवंगेची झाली. ती पलीकडची तर इटलीची आहे."

"मंजिरी येते ना तिला?"

"येते."

"मग इटलीची असो नाहीतर उल्हासनगरची. तुळस ती तुळस."

त्यानंतर मी विस्तवाचा नियम पाळला. लिंबाचीची पाने हाताने फाडून गार दहीभातात. पिझ्झ्याचीची चटणी कच्ची. सब्जाचे बी भिजवून सरबतात, जरी वाटीत फुगलेले ते बी मला बेडकाच्या अंड्यांसारखे दिसे आणि घशाखाली उतरताना आतून बघत असल्यासारखे वाटे. मी ते गिळत असे. माझ्या जेवणात आनंद नव्हता; कमीत कमी किळस कोणत्या घासात आहे, याचे रोजचे संशोधन होते. सासूबाईंचे जेवणही तेव्हा गारच झाले होते. त्यांनी चातुर्मासात कांदा-लसूण सोडले ते पुढे धरलेच नाहीत. मग चहा सोडला, मग तळलेले, मग फोडणीचे. उरला ताकभात. "आईचा चातुर्मास यंदा बारा महिन्यांचा," नवरा म्हणे, आणि मला वाटे, वय झाले की माणसे अशी एकेक गोष्ट देवाला देऊन मोकळी होत असतील. त्यांच्या त्यागापुढे मला माझ्या नाकाचे चोचले ओंगळ वाटत.

वृंदावनापासून मी तोवर दूर होते. ते सासूबाईंचे राज्य. लग्न होऊन आले तेव्हाच त्यांनी सांगितले होते, "देवाचं आणि तुळशीचं मी बघते. तू बाकीचं बघ." बाकीचे म्हणजे सगळे घर. तीस वर्षे मी ते बघितले, आणि तीस वर्षे सकाळी त्या गॅलरीत तांब्या घेऊन उभ्या राहत, पाणी घालत, आणि प्रदक्षिणेला जागा नाही म्हणून स्वतःभोवतीच फिरत, तेव्हा मी दारातून पाहत असे. मला आत बोलावले जावे असे वाटे, हे कबूल करते. भक्तीपेक्षा त्यात हक्काची भूक अधिक होती. या बाईने मला कधी वाईट वागवले नाही, कधी जवळही घेतले नाही. जवळ घेण्याची त्यांची एकच रीत असू शकत होती, आणि ती त्या तांब्यातून गेली असती.

ती रीत गेल्या श्रावणात आली. त्यांनी तांब्या माझ्या हातात दिला.

"गुडघे वळत नाहीत आता. उद्यापासून तू घाल पाणी. नैवेद्याला पान, तीर्थात पान. रविवारी आणि द्वादशीला तोडायचं नाही, आदल्या दिवशी तोडून ठेवायचं."

मी तो दोन्ही हातांनी घेतला. आणि पुढच्या सकाळी गॅलरीचे दार उघडताच त्या भरघोस, काळसर, मंजिऱ्यांनी लवलेल्या झाडावरून वाऱ्याची झुळूक माझ्या तोंडावर आली, आणि मी कठड्याला धरून वाकले.

रोज तेच. श्वास कोंडून पाणी घालायचे, श्वास कोंडून पान खुडायचे, पण बोटे? बोटांना तो वास दिवसभर लागलेला असे. कणीक मळताना तो कणकेत जाई. आणि तीर्थ. सासूबाई पाटावर बसून पळीने माझ्या तळहातावर तीर्थ घालत, मी ते तोंडात घेई, मान लववी, आणि बेसिनकडे जाऊन नळ सोडून थुंके. गुळणीबरोबर कधी कधी पानही येई, हिरवे, शहाण्यासारखे न चावलेले. नळ सोडायचा तो आवाज बाहेर जाऊ नये म्हणून. थुंकल्यावर आरशात जी बाई दिसे, तिची किळस बटाट्याहून जास्त होती.

सांगून टाकले असते तर? तांब्या परत गेला असता. रागाने नव्हे, त्या रागावत नसत. नुसते "असू दे" म्हणाल्या असत्या, गुडघे दुखत असताना स्वतः उठून उभ्या राहिल्या असत्या, आणि त्यांच्या-माझ्यात तीस वर्षांनी उघडलेले ते एक दार विनातक्रार लागले असते. ज्या पानाने माणसाची शेवटची वेळ शुद्ध होते, त्या पानाने जिला उमासे येतात, तिला कुठली सासू शेजारी बसवून घेईल?

म्हणून मी तुळस मारली.

उपटली नाही. तेवढे धैर्य माझ्यात नाही, आणि उपटणे दिसले असते. मी तिला पाणी घातले. एक तांब्या घालायचा, तिथे तीन. दुपारी पुन्हा, संध्याकाळी पुन्हा. वृंदावनाच्या तळाचे भोक मातीने बुजवले. पाणी घालणे हे पुण्य असते. ते किती घातले की पाप होते, हे कुठल्या पोथीत लिहिलेले नाही. सव्वा महिन्यात पाने पिवळी पडली, मग काळी, मग फांद्यांना हात लावला की साल मऊ सुटू लागली. मातीतून चिलटे उठू लागली. शेवटी खोड धरून हलवले तर ते बोळ्यासारखे हातात आले, मुळांच्या जागी तपकिरी, तार सुटणारा लगदा. आणि त्या खऱ्याखुऱ्या कुजण्याला, शप्पथ सांगते, मला कसलाही वास आला नाही.

सासूबाईंना सांगितले, "आई, तुळस गेली." त्या म्हणाल्या, "गेली?" आणि खिडकीकडे पाहत राहिल्या. मोतीबिंदूमुळे त्यांना खिडकी म्हणजे नुसता उजेड.

मेलेली तुळस कचऱ्यात टाकायची नसते. वर्तमानपत्रात गुंडाळून मी ती देवळाबाहेरच्या निर्माल्य कलशात टाकायला नेली. झाकण उचलले तर आत झेंडूंचा चिखल, माशा, फुटलेल्या नारळाचे आंबलेले पाणी. वरून मी तिला सोडले. एक माशी माझ्या मनगटावर बसून हात चोळू लागली. मी तिला हाकलले नाही.

आमच्या दाराच्या कडीला रोज सकाळी फुलपुडी अडकवलेली असते. कल्याणच्या फुलबाजारातून भल्या पहाटे आलेली फुले, दूर्वा, बेल, आणि हिरवळ म्हणून सब्जाची एखादी काडी. दिसायला तुळशीची धाकटी बहीण. ती काडी मी पेल्यात पाण्यात ठेवली, आठ दिवसांत तिला दोऱ्यासारखी पांढरी मुळे फुटली, आणि नवी माती भरून मी ती वृंदावनात लावली. जोमाने वाढली. तिला पूजेला लागण्याजोगी पाने आली त्या दिवशी मी तीर्थात पान टाकले आणि वाट पाहत बसले. सासूबाईंनी आधी स्वतः घेतले. डोळे मिटले, आणि नेहमीपेक्षा क्षणभर जास्त मिटून ठेवले. मग आणखी एक पळी घेतली. खात्री करून घेत आहेत, असे मला वाटले. नंतर त्यांनी पळी माझ्याकडे वळवली. मी तीर्थ घेतले. बडीशेप, ओली माती, थोडे तांबे. किती महिन्यांनी ते माझ्या घशाखाली उतरले, आणि ते खोटे होते.

कार्तिकात तुळशीचे लग्न आले. मला वाटले होते सासूबाई म्हणतील, यंदा नको, रोप लहान आहे. त्यांनी उसाची धाटे मागवली, चिंचा-आवळे मागवले, बाळकृष्णाला पिवळे पितांबर शिवले, डोळ्यांना दिसत नसताना, टाके हाताने चाचपत. संध्याकाळी दिवे लागायच्या वेळी गॅलरीत मजल्यावरच्या पाच-सहा बायका दाटीवाटीने उभ्या. सब्जाला हिरव्या बांगड्या, काळी पोत, इवलीशी चोळखणाची साडी. नवरा एका हाताने अंतरपाटाचे टोक धरून दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून मंगलाष्टके म्हणत होता, आणि दर कडव्याला पडदा काळा होई म्हणून अंगठ्याने तो जागा करीत होता.

समोरच्या काकू हळदकुंकू वाहायला वाकल्या. त्यांची बोटे पानाला घासली. त्या थांबल्या, बोटे नाकाशी नेली, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"अगं बाई! ही तुळस कुठाय? हा तर सब्जा!"

मंगलाष्टक मधेच थांबले. कुणीतरी खुसखुसले. "म्हणजे नवरी बदलली?"

"वहिनी," काकू सासूबाईंना म्हणाल्या, "तुमच्या बाळकृष्णाला फसवलं हो कुणीतरी! माळ्याची मुलगी आणून उभी केली."

माझ्या हातातले अक्षतांचे ताट तिरके झाले असावे, कारण तांदूळ पायावर पडल्याचे मला आठवते. सगळ्या सासूबाईंकडे पाहत होत्या. त्या खुर्चीत ताठ बसल्या होत्या, हातात बाळकृष्ण, चेहरा दिव्याच्या दिशेने.

"त्याला काय फसवायचं?" त्या म्हणाल्या. "दरवर्षी लग्न करतो मेला. अनुभवी आहे. काही वाटलं तर सांगेल तो." बायका हसल्या. "आणि घरात आली ती आमची. टाका अक्षता. अंतरपाट धरून हात मोडले असतील माझ्या मुलाचे."

लग्न लागले. काकूंनी सगळ्यांत जास्त अक्षता टाकल्या, बहुधा भरपाई म्हणून, आणि जाताना उसाची दोन कांडी नेली.

बायका गेल्यावर मी स्वयंपाकघरात आले. सासूबाई माझ्याआधी येऊन ओट्याशेजारच्या स्टुलावर बसल्या होत्या, मांडीवर ताट, चिंचा एकीकडे आणि आवळे एकीकडे करीत. बोटांनी ओळखत होत्या. बाहेर नवऱ्याने बातम्या लावल्या होत्या.

"जुनी कशी गेली?" मान वर न करता त्यांनी विचारले.

"पाणी जास्त झालं, आई."

एक आवळा आवळ्यांत गेला. एक चिंच चिंचांत.

"झालं, की घातलंस?"

मुलांच्या वहीवरची चुकलेली पायरी बोटाने दाखवून त्या असेच विचारत असतील. उत्तर चूक आहे हे दोघांनाही ठाऊक असताना.

"घातलं."

"का गं?"

मी ओट्याची कड धरली. शब्द जुळवायची मला आयुष्यभराची सवय, पण त्या क्षणी एकही जुळलेला शब्द हाती नव्हता. जे आले ते ओकारीसारखे आले, अर्धवट आणि एकदम.

"मला तिचा वास सोसत नाही, आई. त्या तापापासून. घाण येते. रोज सकाळी तुमचा तांब्या उचलला की पोटात ढवळतं. तीर्थ... तीर्थ मी बेसिनमध्ये थुंकत होते. तुम्ही एवढ्या वर्षांनी मला दिलंत आणि मी ते थुंकत होते. तुळशीचीच घाण येते मला."

त्यांची बोटे थांबली. ताट त्यांनी मांडीवरून उचलून ओट्यावर ठेवले; ठेवताना जागा चाचपली. मग पाय लांब करून, दुखऱ्या गुडघ्याचा पाय, त्यांनी स्वयंपाकघराचे दार लोटले. बातम्यांचा आवाज बारीक झाला. त्यांचा हात हवेत मला शोधत आला, मनगटाला लागला, आणि तिथेच घट्ट राहिला. त्यांचे डोळे माझ्या चेहऱ्याच्या थोडे डावीकडे पाहत होते. आणि इतक्या हळू, की देवघरापर्यंत जाऊ नये, त्या म्हणाल्या,

"मलाही."